एक माप, अनेक वह्या

पावतीवर रक्कम दोन वेळां लिहिण्याची चाल जुनी आहे. एकदां अंकांत व एकदां अक्षरांत. अंकांच्या मागें एखादें शून्य वाढविणें सोपें असतें, पण ‘दोन हजार’ यांचे ‘वीस हजार’ करणें तितकें सोपें नसतें, हें त्या चालीचें साधें कारण. आपल्याकडील १८८१ सालच्या परक्राम्य दस्तऐवजांच्या कायद्यानें तर याविषयीं स्पष्ट नियमच घालून दिला आहे. चेकवरील किंवा वचनचिठ्ठीवरील अंक आणि अक्षरें यांत तफावत पडली, तर अक्षरांत लिहिलेली रक्कम हीच खरी धरावी, असें त्याचें १८ वें कलम सांगतें. म्हणजे ‘अक्षरी रुपये’ या शब्दांपुढील ओळ ही केवळ शोभेची ओळ नव्हे; प्रसंगीं तीच निर्णायक ठरते.

आजमितीस पुष्कळ सुशिक्षित घरांतील आणि लहानमोठ्या संस्थांतील हिशेब एक्सेल या स्प्रेडशीटमध्यें ठेवले जातात. बेरीज, व्याज, सरासरी, तारखांतील अंतर अशा कामांसाठीं तींत शेंकडों तयार फंक्शनें आहेत. फंक्शन म्हणजे आंत कांहीं घातलें असतां ठराविक रीतीनें उत्तर काढून देणारें सूत्र. मौज अशी कीं, रक्कम अक्षरांत लिहून देणारें एक तयार फंक्शनही एक्सेलमध्यें आहे. त्याचें नांव ‘बाटटेक्स्ट’. पण तें लिहितें थाई भाषेंत, आणि नाणें धरतें थायलंडचें बाट! रुपयासाठीं असें तयार फंक्शन नाहीं. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें इंग्रजी शब्दांसाठीं एक नमुना प्रसिद्ध केला आहे; परंतु तो डॉलर आणि सेंट यांचा. त्याची मोजणी हजारावरून एकदम मिलियनवर उडी घेते; लाख आणि कोटी त्याच्या गांवींही नाहींत. तेव्हां ज्याला मराठींत अक्षरी ओळ हवी, त्यानें तें फंक्शन स्वतः रचावें हाच मार्ग उरतो.

स्वतः रचण्याची ही सोय एक्सेलमध्यें पूर्वींपासून आहे. सामान्य माणसाच्या टेबलावरील पहिली स्प्रेडशीट ‘व्हिजिकॅल्क’ ही १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनीं तयार केली. एक्सेल १९८५ सालीं प्रथम मॅकिंटॉश संगणकावर आली आणि १९९३ सालच्या पांचव्या आवृत्तींत तिला ‘व्हिज्युअल बेसिक’ या आज्ञाभाषेची जोड मिळाली. विंडोजवर ‘ऑल्ट’ आणि ‘एफ ११’ या कळा एकत्र दाबल्या म्हणजे या भाषेची खिडकी उघडते. तींतील ‘इन्सर्ट’ या यादींतून ‘मॉड्यूल’ घ्यावें. एक कोरें पान पुढें येतें. त्यावर ‘फंक्शन’ या शब्दानें आरंभ करून ‘एंड फंक्शन’ या शब्दांनीं शेवट करावा. मध्यें उत्तर काढण्याची कृति लिहावी. हें लिखाण मॉड्यूलमध्येंच हवें. एखाद्या शीटच्या किंवा ‘धिस वर्कबुक’च्या मागील पानावर तें लिहिलें, तर चौकटींतील सूत्राला तें सांपडत नाहीं, आणि नवशिक्याचा निम्मा दिवस त्या शोधांत जातो.

मराठी अक्षरी रकमेच्या बाबतींत आणखी दोन अडचणी आहेत. पहिली भाषेची. इंग्रजींत वीसपर्यंतचे शब्द व दशकांचे शब्द ठाऊक असले कीं शंभरापर्यंतचे सर्व आंकडे जोडून तयार होतात. मराठींत तसें नाहीं. ‘एकोणतीस’, ‘एकोणचाळीस’ या ओळीनें जावें तों शेवटीं ‘नव्याण्णव’ वाट अडवितें. ‘बेचाळीस’, ‘बावन्न’, ‘बासष्ट’, ‘ब्याऐंशी’ यांत दोन हा आंकडा प्रत्येक ठिकाणीं नवा वेष घेतो. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीति आली, तेव्हां महाराष्ट्रांत जो मोठा वाद झाला, त्याचें मूळ याच जोडाक्षरी गुंतागुंतींत होतें. यंत्राला हे शब्द नियमानें शिकवितां येत नाहींत. एकपासून नव्याण्णवपर्यंतची संपूर्ण यादीच द्यावी लागते. शिवाय नुसते शंभर असतील तर ‘शंभर’, पण त्यापुढें एक जरी असला तरी ‘एकशे एक’, हाही भेद सांगावा लागतो.

दुसरी अडचण लिपीची. व्हिज्युअल बेसिकची खिडकी जुन्या घडणीची असून तिला देवनागरी अक्षरें पेलत नाहींत. तींत मराठी शब्द घातला तर त्याच्या जागीं प्रश्नचिन्हें उमटतात. यावर तोडगा सोपा आहे. नव्याण्णव शब्दांची यादी आज्ञांमध्यें न लिहितां त्याच वहीच्या एका शीटवर, एकाखालीं एक अशी, लिहून ठेवावी आणि फंक्शननें ती तेथून वाचावी. एक्सेलच्या चौकटींना देवनागरीचें वावडें नाहीं. फंक्शनचें नांव तेवढें रोमन लिपींत ठेवावें. या लेखापुरतें त्याला ‘अक्षरी’ म्हणूं.

आतां मुख्य प्रश्न. असें समजा कीं, एका गृहसंस्थेच्या मानद चिटणीसांनीं चार रात्री खर्चून ‘अक्षरी’ हें फंक्शन सिद्ध केलें. पावत्यांच्या वहींत तें सुरेख चाललें. (एक्सेलमध्यें हिला वर्कबुक म्हणतात, येथें वही म्हटलें तरी चालेल.) दुसऱ्या दिवशीं त्यांनीं खर्चाच्या व्हाउचरांची वही उघडून तेंच नांव टाइप केलें, तों उत्तराऐवजीं ‘नेम?’ ही खूण आली. म्हणजे ‘हें नांव ओळखीचें नाहीं’. यांत एक्सेलचा दोष नाहीं. ज्या वहींत फंक्शन लिहिलें त्या वहीच्या पोटांतच तें राहतें. शेजारच्या वहीला त्याची ओळख नसते.

चिटणीसांनीं मग बहुतेक माणसें करतात तेंच केलें. मॉड्यूल उचलून व्हाउचरांच्या वहींत त्याची नक्कल केली. नंतर वाचनालयाच्या वहींत, गणेशोत्सवाच्या वहींत आणि नवें आर्थिक वर्ष लागल्यावर नव्या वहींत. पांच वह्या, पांच नकला. आणि सर्वत्र काम सुरळीत.

पहिली चूक ओरडत आली. इमारतीच्या दुरुस्तीची मोठी रक्कम घालतांच अक्षरांच्या जागीं ‘व्हॅल्यू’ची खूण दिसली. रक्कम धरण्यासाठीं ‘इंटिजर’ या जातीचें पात्र घेतलें होतें आणि त्यांत ३२,७६७ पेक्षां मोठी संख्या मावत नाहीं. त्याजागीं दोनशें कोटींहून अधिक मावणारें ‘लाँग’ हें पात्र घेऊन चिटणीसांनीं ती दुरुस्ती पांचही वह्यांत केली.

दुसरी चूक मुकी होती. थकबाकीवरील व्याज मिळवून एका सभासदाची रक्कम २,३५०.५० रुपये झाली. पैसे न दाखविणाऱ्या चौकटींत ती २,३५१ अशी छापली गेली. परंतु खालच्या ओळींत आलें, ‘दोन हजार तीनशे पन्नास फक्त’. एकाच पावतीवर दोन रकमा! याचें कारण असें कीं, चौकटींतील अंक अर्धा रुपया आला असतां वरच्या रुपयाकडे नेऊन दाखविला जातो. व्हिज्युअल बेसिकमध्यें मात्र अपूर्णांक ‘लाँग’ पात्रांत घातला असतां बरोबर अर्धा उरल्यास तो जवळच्या सम संख्येकडे वळविला जातो. २,३५१.५० ही रक्कम असती तर दोन्हीकडे २,३५२ च आले असते आणि चूक कोणाच्या लक्षांतही आली नसती. रुपया सम आणि वर नेमके पन्नास पैसे, एवढ्या अवघड फटींत ती दडून बसली होती.

सभासदानें ती दाखविल्यावर चिटणीसांनीं पावत्यांच्या वहींतील फंक्शन दुरुस्त केलें. चौकटीची ‘राउंड’ची रीतच आंत बोलावून घेतली आणि हायसें वाटून वही मिटली. बाकीच्या चार नकला त्या घाईंत विसरल्या गेल्या. दोन महिन्यांनीं व्हाउचरांच्या वहींतून एका कामगाराच्या चेकची ओळ छापली गेली. अंक बरोबर, अक्षरांत रुपया कमी. वर सांगितलेल्या कायद्याप्रमाणें खरी रक्कम अक्षरांतली! रुपया क्षुल्लक आहे. पण ज्या संस्थेचे अंक आणि अक्षरें जुळत नाहींत, तिच्या उरलेल्या हिशेबावर सभासदांनीं विश्वास ठेवावा तरी कसा? सर्वसाधारण सभेंत हा प्रश्न विचारला गेला तर चिटणीसांजवळ त्याला उत्तर नाहीं.

पूर्वीं घरांत धान्य मोजण्याचें माप एकच असे. तांदुळाच्या कणगींत एक, ज्वारीच्या कणगींत दुसरें, अशीं मापें पडूं लागलीं म्हणजे एकाचा कांठ झिजतो, दुसऱ्याचें बूड चेपतें, आणि कोणतें खरें हें कोणालाच सांगतां येत नाहीं. फंक्शन हेंही मापच होय. तें एका ठिकाणीं असावें आणि प्रत्येक वहीनें तेथून मागून घ्यावें, हाच यावरील खरा उपाय. एक्सेलमध्यें याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट तात्पुरती. फंक्शन असलेली वही उघडी ठेवावी आणि दुसऱ्या वहींत फंक्शनच्या नांवाआधीं त्या वहीचें नांव व उद्गारचिन्ह लिहावें. एक दिवसाच्या कामाला हें पुरतें; परंतु ती वही उघडण्याचें रोज स्मरण ठेवावें लागतें.

दुसरी वाट ‘पर्सनल मॅक्रो वर्कबुक’ची. एखादा मॅक्रो नोंदवितांना तो कोठें ठेवावा असें एक्सेल विचारते. तेथें हा पर्याय निवडला म्हणजे ‘पर्सनल’ नांवाची एक वही तयार होते. एक्सेल सुरू होतांच ती पडद्याआड आपोआप उघडते. बटणानें चालविण्याच्या मॅक्रोंना ही जागा उत्तम आहे. फंक्शनला मात्र येथेंही पूर्वपद चुकत नाहीं. प्रत्येक सूत्रांत ‘पर्सनल’ या वहीचें पूर्ण नांव व उद्गारचिन्ह आधीं लिहावें लागतें. सूत्रें लांबतात, वाचणारा गोंधळतो. शिवाय ती वही ज्याच्या संगणकावर आहे त्याचीच. दुसऱ्याच्या हातीं देण्यास ती सोयीची नाहीं.

तिसरी वाट ‘ॲड-इन’ची, आणि फंक्शनसाठीं हीच राजमार्ग होय. ॲड-इन ही देखील एक वहीच असते. मात्र तिचीं शीटें दिसत नाहींत आणि तिच्यांतील फंक्शनें तयार फंक्शनांच्याच पंक्तीला बसतात. तिची कृति अशी. एक नवी वही घ्यावी. तींत मॉड्यूल घालून फंक्शन लिहावें आणि शब्दांची यादी शीटवर भरावी. मग ‘सेव्ह ॲज’ करतांना फाइलचा प्रकार ‘एक्सेल ॲड-इन’ असा निवडावा. २००७ सालच्या आवृत्तीपासून अशा फाइलच्या नांवाचें शेपूट ‘एक्सएलएएम’ असें असतें. प्रकार निवडतांच एक्सेल स्वतःच ॲड-इनांच्या ठराविक फोल्डरकडे नेते. तेंच राहूं द्यावें. त्यानंतर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲड-इन्स’ या क्रमानें जाऊन तळाशीं ‘एक्सेल ॲड-इन्स’ निवडून ‘गो’ हें बटण दाबावें आणि पुढें येणाऱ्या यादींत आपल्या ॲड-इनसमोर खूण करावी. एकदां खूण केली कीं, पुढें प्रत्येक वेळीं एक्सेलबरोबर ती आपोआप उघडते. आतां कोणत्याही वहींत, कोणत्याही पूर्वपदावांचून, ‘अक्षरी’ हें नांव आणि कंसांत चौकटीचा पत्ता एवढेंच लिहिणें पुरतें.

येथें एक बारकावा जपावा लागतो. यादी वाचतांना फंक्शननें ‘धिस वर्कबुक’ म्हणजे स्वतःची वही पाहावी. ‘ॲक्टिव्ह वर्कबुक’ म्हणजे समोर उघडलेली वही पाहूं नये. फंक्शन स्वतःच्याच वहींत असतांना दोन्ही एकच असतात, म्हणून चूक दिसत नाहीं. ॲड-इन झाल्यावर तीं भिन्न होतात, आणि फंक्शन शब्दांची यादी सभासदाच्या पावतींत शोधूं लागतें.

पुढें दुरुस्ती करणें झालें, तर पुन्हां ‘ऑल्ट’ व ‘एफ ११’ दाबून डावीकडील यादींत ॲड-इन शोधावी. यादींतील एखादा शब्द बदलावयाचा असल्यास तिच्या ‘धिस वर्कबुक’च्या गुणधर्मांत ‘इज ॲड-इन’ हा धर्म क्षणभर ‘फॉल्स’ करावा. शीट दिसूं लागतें. काम होतांच तो पुन्हां ‘ट्रू’ करून त्याच खिडकींतून ‘सेव्ह’ करावें. हें विसरूं नये. कारण साध्या वहीप्रमाणें ‘बदल जतन करावयाचे काय?’ असें ॲड-इन बंद होतांना विचारलें जात नाहीं, आणि केलेली मेहनत निमूटपणें वाया जाते. फंक्शन सुधारलें तरी उघड्या वह्यांतील जुनीं उत्तरें तत्काळ बदलत नाहींत. ‘कंट्रोल’, ‘ऑल्ट’ व ‘एफ ९’ या तीन कळा एकत्र दाबल्या म्हणजे सर्व सूत्रांची फेरगणना होते.

कचेरींत अनेकांनीं एकच फंक्शन वापरावयाचें असल्यास ॲड-इन सामायिक फोल्डरमध्यें ठेवतां येते. ती निवडतांना ‘आपल्या फोल्डरमध्यें नक्कल करावी काय?’ असा प्रश्न येतो. त्यास ‘नो’ हें उत्तर द्यावें. ‘येस’ म्हटलें कीं पुन्हां जितकीं माणसें तितक्या नकला, आणि मूळ रोग परत येतो.

एवढें झालें तरी दोन गोष्टी उरतात. पहिली, वही घराबाहेर गेल्यावर काय होतें? ज्या लेखापरीक्षकाच्या संगणकावर ही ॲड-इन नाहीं, त्याला आधीं जुनीं उत्तरें दिसतात. पण फेरगणना होतांच त्यांच्या जागीं ‘नेम?’ची खूण येते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. माप एका ठिकाणीं ठेवलें म्हणजे मापांत केलेला बदल सर्वत्र पोंचतो. पुढील पावत्यांत पोंचतो, तसाच मागील पावत्यांतही पोंचतो. मार्चमध्यें सभासदाच्या हातीं दिलेल्या पावतीवर जी ओळ होती, ती जूनमध्यें वही उघडल्यावर निराळी दिसणें इष्ट नाहीं. चुकीची असली तरी ती दिलेली पावती आहे. तिची दुरुस्ती नव्या नोंदीनें व्हावी, गुपचूप नव्हे. या दोन्हींवर उपाय एकच. दिलेल्या पावत्यांच्या ओळी कॉपी करून ‘पेस्ट स्पेशल’मधील ‘व्हॅल्यूज’ या पर्यायानें तेथेंच चिकटवाव्या. सूत्र जातें, अक्षरें राहतात, आणि त्या वहीला ॲड-इनची गरज उरत नाहीं.

सावधगिरीचीही एक गोष्ट आहे. मॅक्रो चालविणारी फाइल म्हणजे संगणकाला आज्ञा देणारी फाइल. १९९९ सालीं ‘मेलिसा’ नांवाचा विषाणु वर्डमधील मॅक्रोंच्या आधारें टपालांतून जगभर पसरला होता. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टनें मुळांतच अडविण्यास आरंभ केला. त्यामुळें टपालानें आलेली ॲड-इन कित्येकदां उघडत नाहीं. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्यें ‘अनब्लॉक’वर खूण करावी लागते. ही खूण पाठविणाऱ्याची खात्री पटल्यावरच करावी.

मॅक्रोच नको असेल त्यांच्यासाठीं ‘लॅम्डा’ हें फंक्शन आहे. तें २०२० सालीं जाहीर झालें आणि २०२२ मध्यें मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या सर्वसाधारण ग्राहकांस मिळालें. साध्या सूत्रालाच नांव देऊन तें ‘नेम मॅनेजर’मध्यें ठेवतां येतें, त्यांत देवनागरी शब्दही चालतात, आणि वही कोणाकडेही गेली तरी फंक्शन तिच्याबरोबर जातें. मात्र तें पुन्हां त्या एका वहीचेंच. दुसरीकडे नेलें कीं नक्कल झाली. गुगल शीट्समध्यें २०२२ सालीं आलेलीं ‘नेम्ड फंक्शन्स’ एका फाइलमधून दुसरींत आणतां येतात, तींही नकलाच. लिब्रेऑफिसमध्यें ‘माय मॅक्रोज’मधील ‘स्टँडर्ड’ संग्रहांत लिहिलेलें फंक्शन मात्र त्या संगणकावरील सर्व वह्यांस मिळतें. कोणती वाट घ्यावी हें एकाच प्रश्नावर ठरतें: पुढें चूक सांपडली, तर ती किती ठिकाणीं दुरुस्त करावी लागेल? उत्तर ‘एका’ असें आलें तर व्यवस्था चांगली.

त्या चिटणीसांनीं शेवटीं असेंच केलें, असें मानूं या. पांच नकला पुसून एक ॲड-इन ठेवली, दिलेल्या पावत्या अक्षरांत गोठविल्या आणि रुपयाच्या तफावतीची नोंद वहींत स्वतःच्या सहीनिशीं केली. सर्वसाधारण सभेंत तो प्रश्न निघालाच, तर आतां त्यांना उत्तर देतां येईल: चूक कोठें होती, केव्हां सांपडली, आणि ती पुन्हां दुसऱ्या वहींतून कां निघणार नाहीं.